छायाचित्रांचे संपादन आणि निवड: काय ठेवावे, काय दाखवावे

छायाचित्रांचे संपादन म्हटले की उजेड, रंग आणि फिल्टर यांचे स्लायडर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या कामाचा अधिक अवघड भाग त्याआधी येतो, आणि तो निवडीचा असतो. रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकाराने १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून सुमारे २८,००० छायाचित्रे टिपली आणि त्यांतून सिद्ध झालेल्या पुस्तकात अवघी ८३ घेतली. हे प्रमाण सर्वांनी पाळावे असे मुळीच नाही, कारण घरच्या समारंभाची छायाचित्रे आणि एका देशाचे चित्रण यांचे हेतू वेगळे असतात. पण कसलेल्या छायाचित्रकाराचीही बहुतांश छायाचित्रे दाखवण्याजोगी नसतात एवढे त्यातून कळते आणि नवख्याला धीर येतो.

निवडीआधीची तयारी

पहिले काम म्हणजे प्रत काढणे. कार्डावरची किंवा फोनमधली सर्व छायाचित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत, त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवावी आणि तोपर्यंत मूळ कार्ड पुसू नये. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून जागच्या जागी छायाचित्रे डिलीट करण्याची सवय अनेकांना असते. ती सोडलेली बरी. त्या पडद्यावर किंचित हललेले छायाचित्रही स्पष्ट दिसते आणि भर उन्हात योग्य उजेडाचे छायाचित्रही काळवंडलेले वाटते, त्यामुळे तेथे दिलेला निकाल दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

शक्य असेल तर निवडीला एक-दोन दिवस जाऊ देऊन बसावे. छायाचित्र टिपताना घेतलेले कष्ट, सोबतच्या माणसांच्या गप्पा, त्या क्षणीची हवा हे सगळे टिपणाऱ्याच्या मनात ताजे असते, आणि पाहणाऱ्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. पहाटे उठून डोंगर चढून टिपलेला सूर्योदय चौकटीत सपाट दिसत असेल, तर चढणीचे श्रम त्याला तारू शकत नाहीत. अर्थात बातमीची किंवा समारंभाची छायाचित्रे त्याच दिवशी द्यायची असतील तर ही चैन परवडत नाही. अशा वेळी निदान निवड आणि रंगकाम यांच्यामध्ये थोडा खंड पाडावा.

निवडीच्या फेऱ्या

निवड एकाच फेरीत उरकू नये. पहिल्या फेरीत कोणत्याही छायाचित्रावर दोन-तीन सेकंदांहून अधिक रेंगाळायचे नाही आणि एवढेच पाहायचे की ते उघडपणे निकामी आहे का. मिटलेले डोळे, भलतीकडे गेलेला फोकस, चुकून दाबले गेलेले बटण अशी छायाचित्रे या फेरीत बाजूला पडतात. लाइटरूम किंवा मोफत मिळणारे डार्कटेबल यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नाकारल्याची खूण करण्याची आणि तारे देण्याची सोय असते. फोनवर काम करणाऱ्याला आवडत्या छायाचित्रांना खूण करून किंवा वेगळा अल्बम करून तेच साधता येते. नाकारलेली छायाचित्रे लगेच डिलीट मात्र करू नयेत.

दुसऱ्या फेरीत एकाच प्रसंगाची जवळजवळ सारखी छायाचित्रे एकमेकांशेजारी ठेवून त्यांतून एक निवडायचे असते, आणि खरा वेळ येथेच जातो. माणसांच्या छायाचित्रांत आधी चेहऱ्यावरचे भाव, मग हातांची ठेवण आणि शेवटी पार्श्वभूमी पाहावी, असा क्रम मला सोयीचा वाटतो. डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब किंवा कडेला अर्धवट कापला गेलेला परका माणूस टिपताना लक्षात येत नाही, पण पाहणाऱ्याची नजर नेमकी तेथेच अडकते. त्यानंतर छायाचित्र १०० टक्के मोठे करून फोकस तपासावा. चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा स्पष्ट असला की पुरे होते. मात्र या तपासणीला नको तितके महत्त्व देण्याचा मोह आवरावा. हसू मोकळे आणि फोकस किंचित मऊ असे एक छायाचित्र, आणि फोकस अचूक पण चेहरा अवघडलेला असे दुसरे, यांतून पहिलेच ठेवावे, कारण अवघडलेला चेहरा कोणत्याही सॉफ्टवेअरने मोकळा होत नाही. दोन छायाचित्रांतले कोणते सरस हे बराच वेळ ठरत नसेल, तर त्यांत फरकच नाही असे समजून कोणतेही एक उचलावे आणि पुढे जावे.

उरलेली सर्व छायाचित्रे तिसऱ्या फेरीत लहान आकारात एकत्र मांडावीत. लहान आकारात ज्याचा विषय कळत नाही, ते फोनच्या पडद्यावरही बहुधा कळणार नाही. शिवाय सुटी पाहताना न जाणवलेली पुनरुक्ती या मांडणीत उघडी पडते: पाच देखावे एकाच उंचीवरून घेतलेले असतात, सगळी माणसे मध्यभागी उभी असतात, जवळून टिपलेला तपशील एकही नसतो. दूरचे दृश्य, मधल्या अंतरावरची माणसे आणि हात, वस्तू किंवा पोत यांचे जवळून घेतलेले एखादे छायाचित्र असे मिश्रण असेल, तर पाहणारा शेवटपर्यंत टिकतो. पाहणारे संपूर्ण संचाविषयीचे मत बऱ्याचदा त्यातल्या दुबळ्या छायाचित्रांवरून बनवतात. म्हणून शंका असलेले छायाचित्र काढून पाहावे आणि त्याची उणीव भासते का ते तपासावे. बहुतेक वेळा ती भासत नाही.

छायाचित्रे कोणासाठी आहेत, हे याच टप्प्यावर ठरवावे लागते, कारण त्यावर सगळे निकष फिरतात. समारंभाला आलेल्या नातेवाइकांसाठी संच करायचा असेल तर प्रत्येक जण त्यात स्वतःला शोधणार आहे, तेव्हा एखाद्या आजीचे एकमेव छायाचित्र थोडे अंधारे असले तरी ते आलेच पाहिजे. तेच छायाचित्र अनोळखी लोकांपुढे ठेवण्याचे काही कारण नसते. अनोळखी पाहणाऱ्यासाठी निवडताना, सोबत एक शब्दही न सांगता हे छायाचित्र उभे राहील का, असे स्वतःला विचारावे. उत्तर देता येत नसेल तर त्या प्रसंगाला हजर नसलेल्या एखाद्या माणसाला वीस छायाचित्रे दाखवावीत आणि तो कोठे थांबतो ते गुपचूप पाहावे. ‘आवडले का’ असे विचारल्यावर बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात. एकच संच सर्वांना पाठवणे सोपे असते खरे, पण त्यात नातेवाइकांना काही कमी पडते आणि परक्यांना फार जास्त होते.

रंग, उजेड आणि चौकट

संपादनाला बसताना पडदा रात्री पिवळसर करणारी सोय आणि प्रखरता आपोआप कमी-जास्त करणारी सोय या दोन्ही बंद कराव्यात, नाहीतर दुरुस्ती छायाचित्राची न होता पडद्याची होते. पडदा फार प्रखर ठेवला तर छायाचित्रे नकळत गडद केली जातात आणि छापल्यावर ती काळपट निघतात.

कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये रॉ स्वरूपाची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी ठेवण्याची, सोय असेल आणि छायाचित्रावर बरेच काम करायचे असेल तर ती वापरावी. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या छटेला २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ असतात. त्यामुळे अंधारातला तपशील वर आणताना किंवा रंगाचा कल बदलताना रॉ फाइल तुटत नाही, तर जेपेगमध्ये आकाशासारख्या सलग भागात पट्टे उमटू लागतात. जेपेगवरच काम करायचे असेल तर मूळ फाइल जपून तिच्या प्रतीवर करावे, कारण तीच फाइल पुन्हा पुन्हा बदलून सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडी माहिती गळत जाते.

आधी चौकट पाहावी. क्षितिज सरळ करावे, कडेचा पसारा क्रॉप करून टाकावा, आणि माणसाचे मनगट, घोटा किंवा बोटे यांवरून काप जाणार नाही याची काळजी घ्यावी. क्रॉप आधी केल्याने पुढचा उजेडाचा अंदाजही नेमका येतो, कारण कापल्या जाणाऱ्या आकाशासाठी छायाचित्र उगाच गडद केले जात नाही.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार पांढरा रंग पांढराच दिसेल अशी जुळवणी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका तो पिवळसर आणि जितका जास्त तितका निळसर. तंतूच्या जुन्या बल्बचा उजेड २,८०० केल्विनच्या आसपास, दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीतला उजेड ७,००० किंवा त्याहून अधिक असतो. कॅमेऱ्याचा अंदाज चुकला की छायाचित्र पिवळे किंवा निळे पडते. चौकटीत पांढरी किंवा राखाडी वस्तू असेल तर सॉफ्टवेअरमधले रंग उचलणारे ड्रॉपरचे चिन्ह तिच्यावर टेकवून सुरुवात करावी. त्वचेचा रंग ओळखीचा दिसला म्हणजे आकडा काहीही असो, काम झाले असे समजावे. संध्याकाळच्या उन्हातला सोनेरीपणा ‘दुरुस्त’ करून पांढरा केला तर ज्यासाठी ते छायाचित्र घेतले तेच निघून जाते.

उजेड ठरवताना नुसत्या डोळ्यांवर भिस्त न ठेवता हिस्टोग्राम पाहावा, म्हणजे छायाचित्रात गडद ते उजळ भाग किती आहेत हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख. आलेख उजव्या कडेला दाटला असेल तर तेवढा भाग पूर्ण पांढरा झाला आहे आणि जेपेगमध्ये त्यातला तपशील परत येत नाही. डावीकडे दाटला असेल तर सावल्या काळ्याठिक्कर आहेत, त्या काही प्रमाणात उचलता येतात, पण त्यासोबत दाणेदार नॉइजही वर येतो. आधी एक्सपोजर (एकूण उजेड), मग हायलाइट्स (उजळ भाग) आणि शॅडोज (गडद भाग), आणि त्यानंतर कॉन्ट्रास्ट, असे जावे. सावल्या पार उजळून टाकण्याची सध्याची हौस मला पटत नाही: अंधार हा अनेक छायाचित्रांचा आधार असतो आणि तो गेला की खोलीही जाते.

रंगांच्या बाबतीत सॅच्युरेशन सगळे रंग सारखेच भडक करते, तर व्हायब्रन्स मुख्यतः फिक्या रंगांना हात घालते आणि त्वचेला बऱ्याच अंशी सांभाळते, म्हणून माणसांच्या छायाचित्रांत दुसरे वापरावे. चेहऱ्यावरचा तात्पुरता पुटकुळीचा डाग काढायला हरकत नाही; तीळ, व्रण आणि सुरकुत्या मात्र त्या माणसाने सांगितल्याशिवाय पुसू नयेत. शार्पनिंग (कडा अधिक ठसठशीत करणे) सर्वांत शेवटी आणि अंतिम आकार ठरल्यावर करावे. काम संपल्यासारखे वाटले की थोडा वेळ उठून यावे, मूळ आणि बदललेले छायाचित्र आलटून पालटून पाहावे आणि केलेले बदल थोडे मागे घ्यावेत. डोळे भडकपणाला फार लवकर सरावतात.

घरगुती छायाचित्रातला कचऱ्याचा डबा पुसला तर कोणाची फसवणूक होत नाही. बातमी, पुरावा किंवा नोंद म्हणून दाखवल्या जाणाऱ्या छायाचित्रात मात्र काही जोडणे किंवा वगळणे चालत नाही. २००६मध्ये लेबनॉनमधील युद्धाच्या काळात बैरूतवरचा धूर वाढवून दाखवलेले एक छायाचित्र प्रसिद्ध झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ते मागे घेतले, छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याची सर्व छायाचित्रे आपल्या संग्रहातून विक्रीसाठी बंद केली.

पाठवण्यापूर्वी

पडद्यावर पाहण्यासाठी लांब बाजू सुमारे २,००० पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ८० ते ९० आणि रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडदे वापरतात ती रंगांची प्रमाण पद्धत) एवढे पुरेसे असते. छपाईसाठी पूर्ण आकाराची फाइल द्यावी. निरोपांच्या ॲपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल सहसा आक्रसली जाते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर गुणवत्ता टिकते, पण तिच्यातली लपलेली माहितीही जशीच्या तशी जाते. या माहितीत तारीख, कॅमेरा आणि फोनचे लोकेशन चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही असतात, म्हणून घरात टिपलेले किंवा लहान मुलांचे छायाचित्र बाहेर देण्यापूर्वी ती काढून टाकावी. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी, कारण जागा कळली की तेथे गर्दी होते आणि पक्षी घरटे सोडू शकतात.

छायाचित्रात ओळखू येणाऱ्या माणसाची संमती टिपण्यापुरती होती की प्रसिद्ध करण्यासाठीही होती, हे वेगळे विचारावे लागते. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे आणि मूल कळत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारावे. जेवताना उघडलेले तोंड, झोपेतला चेहरा, आजारपण किंवा दुःखाचा क्षण अशी छायाचित्रे कितीही बोलकी असली तरी ज्याची आहेत त्याला आधी एकट्याला दाखवावीत. नंतर कोणी आपले छायाचित्र काढून टाकायला सांगितले तर कारण न विचारता काढावे आणि ज्या अल्बममध्ये त्याच्या प्रती गेल्या असतील तेथूनही हटवावे.

संच पाठवून झाल्यावर निवडलेल्या छायाचित्रांच्या रॉ फाइल आणि संपादित प्रती एकाच फोल्डरमध्ये, तारीख आणि प्रसंग यांच्या नावाने ठेवाव्यात. नाकारलेली छायाचित्रे काही महिन्यांनी पुन्हा एकदा झरझर पाहावीत, त्यांतून एखादे वर आणण्यासारखे वाटले तर आणावे, आणि उरलेली डिलीट करून जागा मोकळी करावी.