शिट्टी हातात घेताना

तुम्ही ग्रीको-रोमन कुस्तीचे पैलवान, आता प्रशिक्षक व्हायला निघालात, म्हणजे नियम पाठ असणारच. कंबरेखाली पकड नाही, पायाचा डाव नाही, पट काढायचा नाही. 3-3 मिनिटांच्या 2 फेऱ्या, 8 गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. ते सोडून देतो.

मी फसलो ते दुसरीकडेच. सुप्लेक्स, म्हणजे समोरच्याला मिठीत उचलून मागे फेकणं, हा माझा हुकमी डाव, त्यावरच पदकं आली. शिकवायला लागल्यावर दीड वर्षं मी एकच ओरडत होतो, "हाताने ओढ, अजून ओढ!" पोरं ओढून ओढून लाल व्हायची, समोरचा जागचा हलायचा नाही. मी त्यांना आळशी म्हणायचो. मग स्वतः मॅटवर उतरून एकाला उडवायचो, पोरं टाळ्या वाजवायची. शिकलं कुणीच नाही.

एकदा एकाने विचारलं, "सर, उचलायच्या आधी तुमचा पाय कुठे असतो?" मला सांगता येईना! त्याने मोबाइलवर शूटिंग करून हळू चालवून दाखवलं. पाऊल समोरच्याच्या दोन पायांमध्ये, गुडघे वाकलेले, माझी कंबर त्याच्या कंबरेखाली. उचल सगळी कंबरेची. हात नुसते बांधलेले. अंगात इतकं मुरलं होतं की तोंडाने मी भलतंच सांगत होतो.

म्हणून आधी स्वतःचे डाव शूट करा, आवाज बंद करून बघा आणि लिहून काढा: पाय, मग कंबर, मग हात. कंटाळा येईल. तरी लिहाच.

हात बिनकामाचे नाहीत, त्यांचं काम पकड सुटू न देणं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रशियाचा कारेलिन अमेरिकेच्या गार्डनरकडून हरला तो एका गुणाने, पकड सुटली म्हणून. ती कुस्ती मी प्रत्येक तुकडीला दाखवतो.

मानेचा ब्रिज, म्हणजे डोकं टेकवून मानेवर अंग तोलणं, पक्का नसेल तर कुणालाही मागे फेकू देऊ नका. आधी डमी, म्हणजे सरावाचा पुतळा. इथे लाड नाहीत.

दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर शोभतं, बस. आणि "विचारू नको, सांगतो तसं कर" म्हणणाऱ्या वस्तादाकडून फार तर जोर-बैठका शिकाव्यात. माझेही वस्ताद तसलेच होते, म्हणूनच मला त्या पोराच्या प्रश्नाचा आधी राग आला.

पहिलं वर्ष वाया गेल्यासारखं वाटेल. वाटू द्या, सगळ्यांचंच जातं. माझं तर दीड गेलं. परवा पार्टेरमधली, म्हणजे समोरचा मॅटवर पालथा असतानाची, उलटी उचल शिकवत होतो, त्याच पोराने पुन्हा विचारलं, "पाय कुठे?" म्हटलं, थांब, आधी करून बघतो.