उष्ण हवेत गच्ची-बागेचे दिवे: आधी ड्रायव्हरची जागा ठरवा

उन्हाळ्यात एलईडीच्या आधी बहुधा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला लागेल तशी करून देणारा डबा, जातो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून ड्रायव्हर सावलीत, भिंतीपासून थोडा सुटा बसवा. पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पत्र्याच्या डब्यात तर मुळीच नको. त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार द्या आणि लेबलवरचं ‘टीए’ (भोवतालच्या हवेचं किती तापमान चालेल ती मर्यादा) किमान ५० अंश आहे ना, ते पाहा.

मग वायर. ३६ वॅटचे दिवे २० मीटरवर असतील, तर १२ व्होल्टला २.५ चौ.मिमी तांब्याच्या वायरमध्येही सुमारे ०.९ व्होल्ट गळतात आणि टोकाचे दिवे मंद पडू शकतात. २४ व्होल्टला हीच घट ०.४५ व्होल्टच्या आत राहते. लांब बागेला २४च घ्या.

धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा (आयपी) पाहा: उघड्यावर आयपी६५, पाणी साचतं तिथे आयपी६७. तापलेली फिटिंग पावसात एकदम गार झाली की आत ओल ओढते, त्यामुळे केबल ग्लँड (वायर आत शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच) घट्ट हवी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पाडू नका. दिवे कठड्याच्या आतल्या बाजूला लावा. २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश निवडा, किडे कमी येतात. मेन्सच्या बाजूला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.