डोळ्याच्या पडद्याला सूज आली की या चुका टाळा

“दुखत तं काहीच नाही, मंग सूज कायची?” नागपुरात धंतोलीतल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात हा प्रश्न ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांपासून शुगर असते, आणि त्याचा प्रश्न रास्तच असतो. गुडघा सुजला की ठणकतो. डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला मात्र दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. मी नजर तपासते आणि स्कॅन काढते, डोळ्यात औषधाची सुई देणं डॉक्टरांचं काम. पण लोक कुठे चुकतात ते माझ्या खुर्चीवरून चांगलं दिसतं.

दुखण्याची वाट पाहणं

पडद्याची सूज म्हणजे खरं तर गळती. रक्तातलं सगळंच पडद्यात शिरू नये म्हणून निसर्गाने तिथे दोन भिंती घातल्या आहेत. आतली भिंत पडद्याच्या बारीक केशवाहिन्यांची. त्यांच्या पेशी एकमेकींना क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी घट्ट शिवलेल्या असतात आणि बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींचा आधार असतो. दुसरी भिंत पडद्यामागची, रंगद्रव्याच्या पेशींचा एकपदरी थर. त्याच्या मागे कोरॉइड, म्हणजे मुळातच झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांचं जाळं. हा थर ते पाणी अडवतो आणि पडद्यातलं जास्तीचं पाणी उलट मागे ओढून काढतो. भिंत पण तीच, मोटरपंप पण तोच. पोर्तुगालच्या होजे कुन्हा-वाज यांनी १९६६ मध्ये सहकाऱ्यांसोबत या अडथळ्याचा कसून अभ्यास मांडला.

दाह सुरू झाला की पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटायला लागतात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन, व्हीईजीएफ अशी रसायनं वाढतात आणि त्या शिवणी उसवतात. आधी प्रथिनं बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. यातल्या व्हीईजीएफची ओळख १९८३ मध्ये पटली तीच रक्तवाहिन्या पाझरायला लावणारा घटक म्हणून. पडद्याच्या सुजेवर आज ज्या सुया देतात, त्यातल्या बऱ्याचशा याच रसायनाला अडवतात.

यात आग नाही, लाली नाही, ठणका नाही. म्हणून दुखण्यावर विसंबणारा माणूस हमखास उशिरा येतो.

चष्म्याचा नंबर बदलून बघणं

मध्यंतरी एक काका आले, इतवारीत दुकान असलेले. सहा महिन्यांत दोन चष्मे झाले होते. “नंबर सारखा बदलून राह्यला,” म्हणाले. उजवा डोळा झाकून समोरच्या दाराकडे बघायला सांगितलं, तर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “चौकट वाकडी दिसते नं बाप्पा.” स्कॅनवर पडद्याच्या मधल्या भागाची जाडी ४१० मायक्रॉन निघाली. ती साधारण अडीचशेच्या आसपास हवी.

पडदा मध्यभागी फुगला की प्रकाश टेकण्याची जागा पुढे सरकते, म्हणून नंबर थोडा प्लसकडे जातो. शुगर वर-खाली झाली तर भिंगही फुगतं, त्यानेही नंबर हलतो. म्हणून नंबर पुन्हा पुन्हा बदलत असेल तर चष्म्याच्या दुकानाआधी पडदा तपासून घ्या. घरी एक सोपं काम करा. चष्मा लावा, एक डोळा झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन बघा. मग दुसरा डोळा झाका. रेघा लहरी दिसल्या किंवा मधला चौकोन पुसट वाटला तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघाल तर चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून टाकतो. काकांचं तेच झालं होतं.

एका सुईवर खूश होणं

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. पहिल्या सुईनंतर पाणी ओसरतं, अक्षरं दिसायला लागतात आणि माणूस लग्नसराईत गायब होतो. औषधाचा जोर साधारण महिनाभराचा. उसवलेल्या शिवणी तोवर सावरलेल्या नसतात, औषध उतरलं की गळती परत सुरू. म्हणून तर सुरुवातीचे काही महिने दर महिन्याला बोलावतात.

२३ सप्टेंबर २०२३ ला आपला अंबाझरी तलाव ओसंडला ते आठवा. पाणी उतरलं, पण घराघरात गाळ राहिला. पडद्यातही पाणी वारंवार भरलं किंवा महिनोन्‌महिने तुंबलं की मधल्या पेशी मरतात. मग स्कॅन कोरडा येतो आणि नजर मात्र येत नाही.

सुईनंतरच्या दिवसांत दुखणं आणि लाली वाढली, सोबत नजर कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी या. तो जंतुसंसर्ग असू शकतो. इथे दुखण्याला किंमत आहे.

स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह. तोही या भिंती मोडतो, आणि मागच्या भागात असेल तर डोळा बाहेरून स्वच्छ पांढरा दिसतो. यात लोक दोन्ही टोकांना चुकतात. कोणी बरं वाटताच थेंब एकदम बंद करतं आणि दाह उसळी मारतो. ते हळूहळूच कमी करायचे असतात. कोणी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून वर्षभर तीच बाटली आणतं, मग डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि मोतीबिंदू पिकतो. डॉक्टरांनी टीबीची तपासणी सांगितली तर चिडूही नका. आपल्याकडे डोळ्याच्या दाहामागे टीबी निघतो, आणि तो न शोधता जोरदार स्टेरॉइड देणं धोक्याचं असतं.

मोतीबिंदूनंतरची घसरण

ऑपरेशन छान झालं, पंधरा दिवस लख्ख दिसलं आणि चार-सहा आठवड्यांनी मध्येच धूसर झालं. “बिघडवलं डोळा,” असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा ही ऑपरेशननंतरच्या दाहाने पडद्यात आलेली सूज असते. अर्व्हिन यांनी ती १९५३ मध्येच नोंदवली होती. शुगरवाल्यांना तिचा धोका जास्त. थेंबांचा कोर्स अर्धवट सोडू नका आणि धूसर झालं की दाखवा, बहुतेकांना औषधाने उतार पडतो. शुगर, बीपी आणि किडनीचं तर सांगायलाच नको. बीपी चढलेलं असेल तर नुसत्या डोळ्यात सुया मारून पाणी आटत नाही.

अँजिओग्राफीचं नाव ऐकून पळणं

ही हृदयाची अँजिओग्राफी नाही. हाताच्या शिरेतून फ्लुओरेसीन नावाचा पिवळा रंग देतात आणि डोळ्याचे फोटो काढतात. पडद्याच्या भिंती शाबूत असतील तर रंग नळ्यांतच राहतो, फुटल्या असतील तिथे चकाकत पसरतो. गळती नेमकी कुठे आहे ते असं डोळ्यांनी दिसतं. कोणाला थोडी मळमळ होते. दमा असेल किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि एक, अंग थोडं पिवळं दिसेल, लघवी दिवसभर गडद पिवळी होईल. हे मी प्रत्येकाला सांगते, तरी संध्याकाळी एखाद्याचा फोन येतोच: “मॅडम, कावीळ तं नाही झाली नं?”