बाबांच्या नावाचा ठेका
जूनच्या तिसऱ्या रविवारी, पितृदिनाला, मुलांसोबत खुळखुळा करा. 200 मिलीच्या कोरड्या बाटलीत चौथा भाग तांदूळ भरा. जास्त भरले की दाणे हलत नाहीत, आवाज बसतो. झाकणावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. लहान मुलं दाणे नाकात घालतात. मोठ्या आवाजाने दचकणाऱ्या मुलाला तांदळाऐवजी नाचणीचा खुळखुळा द्या.

आधी विचारा, ‘तुझी काळजी कोण घेतं?’ बाबाच असतील असं नाही. उत्तर येईल तोच ठेका: आ-जो-बा तीन ठोके, मा-मा दोन. मूल वाजवेल, मोठ्यांनी तसंच परत वाजवायचं. मूल हळू वाजवत असेल तर मोठ्यांनीही हळूच. इथेच बहुतेकजण घाई करतात. मग काळजी घेणाऱ्याचं रोजचं काम जोडा: ‘आजोबा, वेणी घाला!’ पाच-सात मिनिटं पुरे.