मृगाच्या आधी खारबांधाचा पायथा बघा

रोहिणी नक्षत्र सरत आलंय. गोराई, मनोरी, उत्तन, वसईकडच्या खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) भातशेतकऱ्यांनी बी-खताच्या धावपळीआधी एक काम उरकावं: खारबांधाची (खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधाची) खाडीकडची बाजू पायथ्यापर्यंत उतरून बघावी. माथ्यावर दरवर्षी माती पडते, पायथ्याकडे कुणी फिरकत नाही. पाणी पायथा खातं, चिंबोरी (खेकडा) तिथेच बीळ करते आणि उधाणाच्या रात्री तिथूनच खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. पोकळ पायावर टाकलेली नवी माती म्हणजे नुसतं वाढीव ओझं.

अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत भरती बाराच्या आसपास लागते, म्हणजे सकाळी सहाला पायथा उघडा असतो. तेव्हाच जा. बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या ताज्या गोळ्या दिसल्या की बीळ चालू आहे. आतल्या बाजूला, शेताकडे, मिठाचा पांढरा ओघळ दिसतो का तेही बघा. तो ओघळ म्हणजे झिरप. पहिल्या पावसात तो धुऊन जातो, मग झिरप कुठे आहे ते कळत नाही. म्हणून ही घाई. शंका असेल तर बिळात गेरू कालवलेलं पाणी ओता आणि आत कुठे लाल ओल येते ते पाहा.

बीळ नुसतं तोंडाशी बुजवू नका. खाडीकडून ते जाईल तिथपर्यंत खणा, चिकणमाती 15 सेंमीच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोका. रेती किंवा ओला गाळ नको. गाळ सुकला की भेगाळतो. माती बांधापासून निदान 5 मीटर लांबून आणा, पायथ्याशी खणून नाही. उतार एक फूट उंचीला दोन फूट आडवा ठेवा. खाडीच्या वळणावर दगड लावत असाल तर खाली खडीचा थर हवाच, नाहीतर लाट फटींतून माती ओढून नेते. बाहेरची तिवरं (खारफुटी) तोडू नका. लाट तीच मोडतात, आणि तोडणं गुन्हाही आहे. बांध सरकारी योजनेतला असेल तर खारभूमी विभागाला आजच लेखी कळवा.

उघाडीच्या (शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडणाऱ्या दाराच्या) झडपेत अडकलेलं प्लास्टिक आणि ओंडके काढा.

भरतीच्या वेळी शेताच्या बाजूला झरा फुटला तर पाण्याचा रंग बघा. स्वच्छ असेल तर नजर ठेवा. गढूळ असेल तर बांधाची माती वाहतेय. झऱ्यावर पोतं दाबू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. दोन तृतीयांश भरलेल्या पोत्यांचं कडं भोवती रचा आणि आतलं पाणी चढू द्या. गढूळपणा थांबेल इतकी उंची पुरे.

दुकानदार 'क्षार मारणारं' बाटलीतलं औषध गळ्यात मारतील. घेऊ नका. खाजणातलं मीठ पावसाच्या पाण्याने धुतलं जातं: पाणी शेतात बांधून ठेवा, ओहोटीला सोडा, तीन-चार वेळा. जिप्समही माती परीक्षणात सामू (pH) 8.5 च्या वर आला तरच.

बाकी नेहमीचं:
- वाण: पनवेल 1, 2 किंवा 3
- बियाणं: 3 टक्के मिठाच्या पाण्यात, तरंगणारं फेका
- नत्र-स्फुरद-पालाश: हेक्टरी 100:50:50 किलो, नत्र तीन हप्त्यांत

जुलै-ऑगस्टमध्ये साडेचार मीटरवरची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की उघाडी मिटलेली राहते आणि बांधावर दोन्हीकडून पाणी असतं. नारळी पौर्णिमेपर्यंत प्रत्येक उधाण ओसरलं की दुसऱ्याच सकाळी पायथ्याला फेरी मारा.