वृद्धाश्रमातली औषधं: आगोटीच्या आधी कपाट कसं लावावं

दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर असलेल्या एका वृद्धाश्रमात मी औषधांचं काम बघते. आधी नर्स होते, आता इथल्या चोवीस आजी-आजोबांच्या गोळ्या माझ्या ताब्यात आहेत. आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आधी आपण मीठ, मसाला, सुकी मासळी भरून ठेवतो, त्याच दिवसांत मी औषधांचं कपाट पूर्ण रिकामं करून नव्याने लावते. ज्यांच्याकडे असं काम नव्याने आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घरात एकच म्हातारं माणूस असेल तरी यातलं बरंच कामी येईल.

आधी जागा. स्वयंपाकघर नको, न्हाणीघराची भिंत नको आणि पश्चिमेची भिंत तर नकोच, ती आषाढात ओल धरते. बहुतेक पाकिटांवर 30 अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, म्हणून पत्र्याखालची खोलीही नको. आमचं कपाट माजघरात आतल्या भिंतीला आहे, भिंतीपासून चार बोटं सुटं. त्याला कुलूप असतं आणि किल्ली ड्युटीवरच्या बाईच्या कमरेला.

इथे औषधाचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. गोळी देण्याच्या वेळेपर्यंत पाकिटातच राहू द्या. नातेवाईक प्रेमाने सगळ्या गोळ्या सोलून स्टीलच्या डबीत भरून आणतात. मी ती डबी वापरत नाही, पाकिटं मागवून घेते. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ओलाव्याने ती गोळी फुटायला लागली आहे असं समजा आणि टाका. थायरॉइडच्या गोळ्यांच्या बाटलीतली बारीक पुडी फेकू नका, ती ओलावा शोषण्यासाठीच असते. आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डब्या मिळतात, पण पावसाळ्यात आम्ही एका दिवसापुरत्याच गोळ्या काढतो.

पाकीट कात्रीने कापण्याची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुदत आणि बॅच नंबर बऱ्याचदा एकाच टोकाला छापलेला असतो. तो तुकडा आधी वापरला की उरलेल्या सहा गोळ्या बेवारस होतात. म्हणून दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा. गोळी तोंडात जाईपर्यंत तिचं नाव तिच्याजवळ राहिलं पाहिजे. बाकी सगळे नियम मी याच एका गोष्टीसाठी पाळते.

हे मला एका चुकीने शिकवलं. आमच्याकडे एकाच आडनावाच्या, एकाच वाडीतून आलेल्या दोन आज्या होत्या. एका संध्याकाळी घाईत एकीची बीपीची गोळी मी दुसरीला दिली. तासाभरात तिला चक्कर आली, वरचं बीपी नव्वदवर उतरलं. तिला आडवं केलं, पाय उशीवर उचलून ठेवले, डॉक्टरांना फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. रात्रभर मी तिच्या खाटेशी बसून होते. सकाळी तिने चहा मागितला तेव्हा मला रडू आलं. तेव्हापासून प्रत्येकाच्या डब्यावर फोटो, पूर्ण नाव आणि खाटेचा नंबर असतो. गोळी देताना आम्ही 'तुम्ही अमक्या आजी ना?' असं विचारत नाही, कारण कमी ऐकू येणारं माणूस कशालाही 'हो' म्हणतं. 'आजी, तुमचं नाव सांगा' असं म्हणतो. गोळी गिळलेली पाहिल्यावरच तक्त्यावर सही. उशाशी ठेवून निघून जायचं नाही. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका, डॉक्टरांना विचारा. चूक झाली तर लपवू नका, त्या आजीचा जीव तुमच्या लगेच बोलण्यावर असतो.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. त्याची वेगळी डबी करा आणि वर ठळक वार लिहा. नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली गोळी, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी, कुटून देऊ नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. झोपेच्या गोळ्या पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजाव्यात. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, बहुतेक थेंब महिनाभरच चालतात.

आता इन्सुलिन. बाटली 40 ची आहे की 100 ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट, हे आधी वाचा. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी केशरी. 40 चं इन्सुलिन केशरी सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर जातात फक्त आठ युनिट. उलट 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने वीसपर्यंत भरलं तर पन्नास युनिट जातात, आणि म्हातारं माणूस बेशुद्ध पडू शकतं. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने कधीच काढू नका.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, मधल्या फळीवर. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नको. एकदा गोठलं की ते वाया गेलं, वितळल्यावर चांगलं दिसलं तरी. मासे, दूध आणि औषधं एकाच फ्रिजमध्ये असली की दार सारखं उघडतं. जमलं तर औषधांसाठी छोटा फ्रिज वेगळा घ्या, त्यात थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा इकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस लाइट नव्हती. तेव्हापासून गोळ्या मी दोन महिन्यांच्या भरते, इन्सुलिन मात्र एका महिन्याचंच. वापरातली बाटली बहुधा 28 दिवस फ्रिजबाहेर चालते, पण किती अंशांपर्यंत ते तिच्यासोबतच्या कागदावर बघा. लाइट गेली की फ्रिजचं दार उघडू नका. फार वेळ गेली तर थर्माकोलच्या डब्यात, बर्फ फडक्यात गुंडाळून, बाटलीला न लागेल असा ठेवा. ओल्या मडक्याचा उपाय उन्हाळ्यात बरा, पण पाऊस लागला की पाणी उडून जात नाही, मग मडकं थंड होत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

वापरलेल्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात, आणि मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या पिशवीत साठवून आम्ही ठरवून रुग्णालयाकडे देतो. परसात पुरत नाही, खाडीत टाकत नाही.

गणपतीत मुलं मुंबईहून येतात आणि आई-वडिलांना पाच-सात दिवस घरी नेतात. तेव्हा मी मूळ पाकिटं, तक्त्याची प्रत आणि दिलेल्या गोळ्यांचा आकडा हातात देते आणि मुलाला किंवा सुनेला मोठ्याने वाचून दाखवायला सांगते. परत आले की मुलं गाडीकडे वळायच्या आधी उरलेल्या गोळ्या त्यांच्यासमोर मोजते. जास्त उरल्या असतील तर न रागावता कुठला दिवस चुकला ते विचारते, तक्त्यात लिहिते, आणि आजीला खाटेवर बसवून आधी बीपी घेते.