रोजच्या आरएक्स-७ ला स्ट्रीट पोर्टिंगच का केलं

न्यू जर्सीत मी रोज कामावर नेतो ती मझदा आरएक्स-७, दुसऱ्या पिढीची, बिनटर्बो. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो. इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला त्रास द्यायची. कॉम्प्रेशन उतरलं होतं, एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, झिजली होती. हे १३बी इंजिन खोलायचंच होतं, मग पोर्टिंगही, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची तोंडं (पोर्ट) घासून मोठी करणं, त्यातच उरकायचं ठरवलं.

मेकॅनिकचा आग्रह ब्रिज पोर्टचा. त्यात इनटेक (हवा आत येण्याच्या) पोर्टशेजारी आणखी एक खाच कापतात, मधे धातूची बारीक पट्टी उरते आणि तिच्यावरून रोटरच्या कोपऱ्यातलं कॉर्नर सील सरकतं. पण एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर जाण्याचं पोर्ट) पुरतं बंद व्हायच्या आतच इनटेक उघडतं, जळका वायू ताज्या हवेत मिसळतो. वरच्या आरपीएमला ताकद जबरदस्त, आयडलिंगला मात्र गाडी धडधडते आणि पेट्रोल पिते. सिग्नलला थांबत थांबत जाणाऱ्याला ते नकोच!

म्हणून स्ट्रीट पोर्टिंग. इनटेक जरा उशिरा बंद होईल एवढंच पोर्ट वाढवलं. रोटरच्या बाजूंवरच्या साइड सीलचा आधार सुटू नये म्हणून टेम्प्लेट ठेवून इंजिनच्या बाजूच्या प्लेटवर आधी रेघ मारून घेतली. रेघेबाहेर ग्राइंडर नाही. एक्झॉस्टला हात अगदी बेताचा.

नवी सील बसल्यापासून गाडी गरम असतानाही पहिल्या चावीला सुरू होते, आयडल स्थिर आहे आणि वरच्या आरपीएमला ओढ स्पष्ट जाणवते.